हिरवा ठिपका आणि गोरज मुहूर्त

आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याची एवढी धास्ती असते की घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आधी झाकली जाते आणि मग वापरली जाते. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, मिक्सरला शिवलेलं कव्हर असतं, आणि माझ्या भावाने तर मोटारसायकलच्या आरशांनाही पिशव्या घातलेल्या मी पाहिल्यात. त्यामुळे मुलीच्या लग्नासाठी म्हणून मी जो नवा फोन घेतला तोही नखशिखांत झाकूनच घरी आणला. पाठीला रबरी कव्हर, पुढे जाड काच. वर दुकानदाराने विचारलं, "मॅडम, कॅमेऱ्यावर पण काच बसवू काय? समुद्राची हवा खराब." मी म्हटलं, बसवा. पुढच्या सगळ्या डोक्याच्या तापाची सुरुवात त्या एका शब्दाने झाली.

पहिलाच फोटो मी मुलीचा काढला, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, संध्याकाळी. फोटोत तिच्या गळ्यावर हिरवा ठिपका होता, डोक्यातून आरपार गेलेली पांढरी तिरीप होती, आणि सगळ्यावर ताक सांडल्यासारखा पांढुरका पडदा. मी फोन पदराने पुसला. तिरीप आणखी रुंद झाली, कारण सकाळीच मी नारळ खवले होते आणि पदरालाही त्याचं तेल लागलेलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, सूर्य समोर असला की असं होतंच. सगळ्यांच्या फोनमध्ये होतं." मला हे उत्तर मुळीच पटलं नाही. सगळ्यांचं होत असेल, मी एवढा चांगला फोन घेतलाय तो सगळ्यांसारखं व्हायला नाही.

खरं तर मी शाळेत विज्ञान शिकवते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परत फिरतो हे फळ्यावर आकृती काढून सांगते. कॅमेऱ्यात एकामागे एक अशी बरीच भिंगं असतात, भगभगीत उजेड त्यांच्यात टप्पे खात फिरतो आणि नको तिथे ठिपक्यासारखा उमटतो, एवढं मला समजायला हरकत नव्हती. पण स्वतःच्या वस्तूच्या बाबतीत माणसाचं विज्ञान जरा बाजूला पडतं. मी सरळ दुकानदारावर जाऊन बरसले. त्याने शांतपणे नखाने ती कॅमेऱ्यावरची काच उचकटून काढली आणि म्हणाला, "आता बघा. ही वरची काच पण उजेड फेकते. तुम्हीच बोललात बसवा." पांढरा पडदा बराचसा गेला. ठिपका मात्र तसाच राहिला.

एरवी मी तो ठिपका विसरूनही गेले असते. पण त्याच सुमारास माझे वडील विहिरीच्या काठावर शेवाळावरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

लग्न वडिलांच्याच वाडीत व्हायचं होतं. रेवदंड्याच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, पुढे रस्ता आणि मागे समुद्र. माझी शाळेची नोकरी आणि नवऱ्याच्या फिरत्या बदल्या, यात मुलगी लहानपणीची कितीतरी वर्षं वडिलांकडेच वाढली. तिला बालवाडीत खांद्यावर बसवून नेलं ते त्यांनी. तिच्या केसातल्या उवा काढल्या, तिचे दात पडल्यावर कौलावर फेकले, तापात तिच्या उशाशी बसले, ते सगळं त्यांनी. लग्न आपल्या वाडीत, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गोरज मुहूर्तावर, दिवस मावळताना लागणार, हेही त्यांनीच ठरवलेलं. आणि आता ते अलिबागच्या इस्पितळात उताणे पडले होते. शस्त्रक्रिया झाली, पण हलायचं नाही, गाडीत बसायचं तर नावच काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

मी म्हटलं, तारीख पुढे ढकलू. वडील माझ्यावर असे काही तापले की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला.

"माझ्या हाडासाठी पोरीचं लग्न थांबवणार हायेस काय? पत्रिका वाटून झाल्या. जा, लगीन लावा." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मला एकच पायजेल. अंतरपाट दूर झाला की बायचं तोंड कसं दिसतं तेवढं बघायचं हाय. त्या फोनवर दाखवता येतंय ना?"

मी हो म्हटलं. एवढी साधी गोष्ट वाटली की मी विचारही केला नाही.

विचार करायची वेळ आली ती लग्नाच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा भटजींनी बोहल्याची जागा आखून दिली. वाडीच्या समुद्राकडच्या अंगाला मोकळं पटांगण आहे, मांडव तिथे घातला होता. भटजी म्हणाले, नवरी पूर्वेकडे तोंड करून उभी राहणार आणि नवरा पश्चिमेकडे. म्हणजे नवरीच्या पाठीशी समुद्र, आणि त्या समुद्रावर मावळता सूर्य. तिचं तोंड दाखवायचं तर फोन थेट सूर्याकडे धरायला हवा. जावयाचा चेहरा सोन्यासारखा उजळणार, आणि आमची मुलगी नेमकी त्या तिरिपेत आणि ठिपक्यात बुडणार.

तरी मी आशा सोडली नाही. मुलगी त्या दिवशी मुंबईहून मांडव्याच्या बोटीने आली होती. दिवस मावळायला आल्यावर तिला बोहल्याच्या जागी उभं केलं. फोन वहिनीच्या हातात दिला, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोच्या. लग्नाच्या वेळी फोन तीच धरणार होती, कारण आमच्या घरात हात न हलवता उभं राहणारी ती एकटीच आहे. वडिलांना व्हिडिओ कॉल लावला.

"सूर्य दिसतोय," वडील म्हणाले. "समुद्र दिसतोय. बाय कुठाय?"

"समोरच आहे, बाबा. मधोमध बघा."

"मधोमध हिरवा ठिपका नाचतोय गो. त्याच्या मागं कोण तरी काळं उभं हाय."

मुलगी हसायला लागली. मला हसू आलं नाही. फोन वर करून बघितला, खाली करून बघितला, कडेला नेऊन बघितला. फोन हलला की ठिपका सूर्याच्या विरुद्ध बाजूला पळायचा आणि तिरीप मात्र जागच्या जागी. कडेला गेलं की मुलीचा नुसता कान दिसायचा. वडील तिकडून "राहू दे, राहू दे" म्हणायला लागले, आणि त्यांचं ते समजूतदार "राहू दे" मला सहन होईना. आयुष्यात काही मागितलं नाही त्या माणसाने, आणि मागितलं तर हे.

वडिलांचा कॉल चालूच ठेवून मी माझ्या जुन्या फोनवरून भटजींना फोन केला. नवरानवरीच्या जागा बदलता येतील का? ते म्हणाले, दिशा शास्त्राने ठरलेली आहे, ती मी बदलणार नाही. मुहूर्त जरा उशिरा, सूर्य बुडाल्यावर? म्हणाले, गोरज उलटून जाईल. मी त्यांच्याशीही वाद घातला असता, पण मांडवात तेच उभे राहणार होते.

यावर बोलला तो माझा भाऊ. माझा दादा म्हणजे दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस, वाडीत पोफळींशी बोलत असेल तेवढंच. साखरपुड्याच्या वेळी फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला पुढे एक काळं टोपण होतं, ते त्याने निरखून पाहिलं होतं. "ते कशाला असतं, ठाव हाय का?" तो म्हणाला. "ऊन आडवायला. मी इचारलेलं त्याला." आणि तो वाडीत जाऊन एक विरी घेऊन आला.

पोफळीचं पान गळून पडतं तेव्हा त्याच्या बुडाशी रुंद, चामड्यासारखं चिवट साल असतं, ती विरी. आमच्याकडे तिचे द्रोण होतात, आणि लहानपणी आम्ही तिच्यावर एकाला बसवून दुसऱ्याने ओढायचो. दादाने विरी कापून, वळवून फोनभोवती नळकांडं केलं आणि सुतळीने बांधलं. फोन एकदम बैलाच्या तोंडाला मुसकी घातल्यासारखा दिसायला लागला. उपयोग शून्य. फोटोग्राफरच्या टोपणाने कडेचं ऊन अडतं, इथे तर सूर्यच फोटोच्या आत उभा होता. मी दादाला तसं म्हटलं, जरा जास्तच शाळेतल्या आवाजात. त्याने नळकांडं सोडलं, विरी हातात घेऊन मुलीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि ती डोक्यावर उंच धरली.

"आता?" तो म्हणाला.

वहिनी फोनकडे बघून म्हणाली, "डावीकडं. अजून. थांबा."

आणि ठिपका गेला. तिरीप गेली. सूर्य त्या विरीच्या आड गेला आणि मुलीची आकृती अंधारातून बाहेर आली. चेहरा अजून काळपटच होता, तर मुलगी म्हणाली, "मामी, माझ्या तोंडावर बोट टेकवा," म्हणजे पडद्यावर. वहिनीने टेकवलं आणि तो उजळला. नाकातली चमकीसुद्धा दिसली. वडिलांनी फोन डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसलं. मग त्यांचा आवाज आला, "मोठी झाली गो."

आता गंमत अशी की नवरीच्या पाठीशी तिच्या मामाने उभं राहायचं, ही रीतच आहे. गौरीहरापासून तिला उठवून आणतो तो मामा, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा असतो तोही मामाच. म्हणजे जिथे आम्हाला माणूस हवा होता तिथे तो असणारच होता, फक्त त्याच्या हाताला काम नव्हतं. एकाच गोष्टीची अडचण होती. मुलगी उंच आणि तिचा मामा ठेंगणा. त्याने दोन विऱ्या शेजारी शेजारी शिवल्या, बांबूच्या काठीला बांधल्या आणि एक मोठा पंखा केला. वहिनीने त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि कडेने झेंडू लावला. "म्हणजे कोणी इचारणार न्हाय," ती म्हणाली. भटजींना दाखवायला नेला, तर त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "विरी धरा असं शास्त्रात कुठे नाही. धरू नका असंही नाही." माझा त्या दिवसापासून शास्त्रावर बराच विश्वास बसला आहे.

कोणी विचारणार नाही हे वहिनीचं म्हणणं मात्र खोटं ठरलं. गेल्या वर्षी चौलला एका लग्नाला गेले होते, तिथे जावयाकडच्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं, "तुमच्यात नवरीच्या डोक्यावर विरी धरायची रीत आहे ना? फार छान वाटली हो." मी म्हटलं, आहे. सुरुवात कधी झाली ते सांगितलं नाही.

तर अशी सगळी तयारी झाली, आणि मी हात झटकत मोकळी झाले. त्या सबंध आठवड्यात मी एवढी खुशीत होते की मुलीने मला दोनदा गप्प बसायला सांगितलं. मग आदल्या दिवशी दुपारी वहिनी ओट्याशी नारळाच्या वड्या थापत होती, ती वर न बघता म्हणाली, "वन्सं, सगळं झालं. पण तुम्हाला कुठं दिसणार हाय?"

मला क्षणभर कळलंच नाही.

आमच्याकडे लग्न लागताना मुलीच्या आईने बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने घराच्या पुढच्या दारी तुळशीपाशी बसायचं आणि तुळशीला पाणी घालत राहायचं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, की मग उठायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी फोन, सूर्य, विरी यांच्या नादात मी स्वतःला मनातल्या मनात मांडवात उभं केलं होतं, वहिनीच्या खांद्यावरून बघत.

मुलगी म्हणाली, "आई, ये सरळ. आता कोण पाळतं?" जावई म्हणाले, माझी काही हरकत नाही. नवरा म्हणाला, तुला वाटेल तसं कर. कोणी अडवत असतं तर मी नक्की भांडून मांडवात गेले असते. पण कोणीच अडवलं नाही आणि माझी पंचाईत झाली. मी विज्ञान शिकवणारी बाई, न बघितल्याने कुणाचा संसार सुखाचा होत नाही हे मला समजतं. पण त्याच तुळशीपाशी माझ्या लग्नात माझी आई बसली होती. ती आता नाही. मला श्रद्धाही पुरती नव्हती आणि मोडायचा धीरही नव्हता, आणि खरं सांगायचं तर आईच्या जागेवर बसावंसं वाटत होतं. मी बसते म्हटलं. आणि मग न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

लग्नाच्या दिवशी आभाळ लख्ख होतं. ढग आला असता तर सगळ्यांचीच सुटका झाली असती, पण तसं काही होणार नव्हतं. गौरीहराशी बसलेल्या मुलीच्या डोक्यावरून मी हात फिरवला. वहिनीला म्हटलं, काच पुसून घे. तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही नका पुसू." चष्म्याच्या फडक्याने तिनेच पुसली. दादा नव्या सदऱ्यात, हातात काठी आणि विरी घेऊन, देवीच्या पालखीपुढच्या मानकऱ्यासारखा उभा होता. तिकडे इस्पितळात वडिलांनी सकाळीच दाढी करून घेतली होती म्हणे. मी तांब्या आणि पळी घेऊन पुढच्या दारी आले.

घर मध्ये होतं, त्यामुळे काहीही दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. भोंग्यातून भटजींचा आवाज कौलांवरून पुढे येत होता. रस्त्यावरून अलिबागकडे रिक्षा जात होत्या. एका रिक्षावाल्याने वेग कमी करून बघितलं आणि पुढे गेला. मी पळीने थोडं थोडं पाणी घालत होते. पहिलं मंगलाष्टक संपलं, सावधान झालं. मी मनात विचार करत होते, सूर्य आता किती खाली असेल, दादाचे हात भरून आले असतील का, वहिनी त्याला डावीकडे म्हणत असेल का उजवीकडे. दुसरं संपलं. माझ्या मुलीचं लग्न लागत होतं आणि मी पोफळीच्या विरीची काळजी करत होते.

तेवढ्यात कमरेला खोचलेला माझा जुना फोन वाजला. अनोळखी नंबर होता. मांडव डेकोरेशनवाला असेल किंवा कर्ज हवंय का विचारणारी बाई असेल, म्हणून मी कापणारच होते. पण ओलं बोट घसरलं आणि कॉल घेतला गेला.

"अगो मी," वडिलांचा आवाज. "नर्सबाईचा फोन घेतलाय. माझ्या फोनवर मांडव चालू हाय. तू तुळशीकडं हायेस ना?"

"हो."

"तर ऐक. पाणी घालत ऱ्हा आणि ऐक. दादाने विरी धरलीय. हिरवा ठिपका न्हाय, काय न्हाय. मधे अंतरपाट हाय, तिचा नुसता मुंडावळीचा वरचा भाग दिसतो. जावई इकडं पाठ करून. वहिनीचा हात जरा हलला, आता बरोबर." भोंग्यातून मंगलाष्टक येत होतं आणि तेच फोनमधून किंचित मागून येत होतं. "शेवटचं चालू हाय. तिने मान खाली घातलीय. मामाकडं वळून काय तरी बोलली वाटतं. आता सरळ उभी. आता ओढतील."

भटजींचा आवाज चढला. सावधान. वाजंत्री एकदम सुरू झाली आणि टाळ्यांचा आवाज घरावरून आला. फोनमध्ये काहीच ऐकू येईना.

"बाबा?"

"दिसली," ते म्हणाले. "सगळी दिसली गो. हसतेय. डोक्यावर अक्षता पडतायत आणि ती हसतेय."

मी पळी खाली ठेवली.

"ऐक," ते म्हणाले. "तुझ्या लग्नात मी मांडवातून धावत तुझ्या आईकडं आलेलो. ती तिथंच बसलेली. मला म्हणाली, कशी दिसते पोर? मी सांगितलं, हसतेय. तू रडत होतीस. खूप रडत होतीस. तिला कसं सांगणार? तिला शेवटपर्यंत न्हाय सांगितलं." मग घाईने म्हणाले, "ही खरंच हसतेय. तुला खोटं न्हाय सांगत."

वाजंत्री वाजत होती. म्हणजे रीतीप्रमाणे मला उठायची मोकळीक झाली होती. घराला वळसा घालून गेले असते तर तिला डोळ्यांनी बघता आलं असतं. मी उठले नाही. पदर तोंडाला लावून तिथेच बसून राहिले.

"ऐकतेस ना गो?" वडील विचारत होते.

"ऐकतेय," मी म्हटलं. "अजून सांगा, बाबा."